डर्ट बाईकचा टायर घरी बदलताना

खान्देशात कच्च्या रस्त्यानं गाडी चालवायची तर पंक्चर आलंच. कपाशी निघाली की शेतात पऱ्हाट्यांचे तिरपे छाटलेले खुंट उरतात, ते टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसतात. बांधावरच्या बाभळीचा काटा मोडून आतच राहतो. सातपुड्यातल्या पाल किंवा तोरणमाळ गावांकडच्या दगडगोट्यांवर हवा कमी असली की ट्यूब रिमखाली चेपते आणि शेजारीशेजारी दोन चिरा पडतात. भोक कसलं ते बघितलं की कारण कळतं, आणि कारण कळल्याशिवाय नवी ट्यूब टाकण्यात अर्थ नाही.

टायर घेताना आकडे जुळवा. हिरोच्या एक्सपल्स 200 ला पुढे 90/90-21 आणि मागे 120/80-18 लागतो. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रुंदीच्या किती टक्के उंची ते सांगतो, तिसरा रिमचा व्यास इंचात. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्काही असतो: 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा. दुकानात पडून कडक झालेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, तो चढवताना बोटं सोलतात. काळ्या मातीत फिरणार असाल तर नक्षीच्या गोट्यांमध्ये (रबरी उंचवट्यांमध्ये) जागा जास्त असलेला टायर बघा. दाट नक्षीत चिखल बसला की सुटत नाही.

सामान थोडंच: गोल कडांचे तीन टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या), वॉल्व्हची पिन काढायची चावी, पंप, प्रेशर गेज, साबणाचं पाणी, टाल्कम पावडर आणि खाली अंथरायला एखादा जुना टायर, म्हणजे डिस्कवर वजन येत नाही. स्क्रूड्रायव्हरनं टायर काढू नका, ट्यूब हमखास फाटते. ऑईल, ग्रीस, डिझेलही नको, रबर त्यानं कुजतं.

चाक काढण्याआधी दोन्ही बाजूंच्या चेन ॲडजस्टरच्या खुणा लिहून ठेवा किंवा फोटो काढा. स्पेसर (चाकाच्या बाजूला एक्सलवर बसणारी नळी) कुठल्या बाजूचा, हेही फोटोत येऊ द्या, कारण डावा-उजवा बदलला तर चाक घासतं. डिस्क निघाली की ब्रेक पॅडच्या मधे पुठ्ठ्याचा तुकडा घाला. चुकून ब्रेक दाबला गेला तर पॅड बाहेर येऊन बसतात आणि डिस्क परत आत जात नाही. एबीएस असेल तर सेन्सरची वायर ताणू नका.

वॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ द्या. रिम लॉक (टायर रिमवर सरकू नये म्हणून आत बसवलेली पकड) असेल तर त्याचा नट शेवटच्या आट्यांपर्यंत सैल करून लॉक आत ढकला, पूर्ण काढू नका. मग टायरची कड रिमपासून सोडवा. जुनी कड चिकटून बसलेली असते, पायानं सुटली नाही तर दुसऱ्या गाडीचा साईड स्टँड तिच्यावर टेकवून दाब द्या. दोन्ही बाजूंनी पूर्ण सुटली पाहिजे.

नवख्याचं सगळं इथेच अडतं. रिमच्या मधे खोल भाग असतो. तुम्ही लिव्हर लावता त्याच्या बरोबर समोरची कड त्या खोलात उतरलेली असेल तरच इकडे जागा सुटते. म्हणून समोरची बाजू गुडघ्यानं दाबून धरा आणि वॉल्व्हपासून सुरुवात करून एका वेळी पाच-सात सेंटीमीटरच उचला. लिव्हरवर लोंबकळावं लागतंय, म्हणजे समोरची कड वर आली. थांबा, परत दाबा. ताकदीचं काम नाही हे, भो!

ट्यूब काढल्यावर टायरच्या आत फडकं फिरवा, नुसता हात नको. काटा टोचला की तो पक्कडीनं बाहेर ओढा. रिम टेप (स्पोकची टोकं झाकणारी पट्टी) जागेवर आहे का आणि स्पोकचं टोक वर आलंय का, तेही बघा.

नवा टायर चढवण्याआधी दहा-पंधरा मिनिटं उन्हात ठेवा. मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हात पाच मिनिटंही पुरतात. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला असू द्या. पिवळा किंवा लाल ठिपका असेल तर तो वॉल्व्हजवळ आणा. ट्यूबला पावडर लावून ती गोल होईल एवढीच हवा भरा. पूर्ण रिकामी ट्यूब लिव्हरखाली सापडते. टायरची एक कड रिमवर चढवून ट्यूब आत बसवा आणि वॉल्व्हचा नट दोन आटेच लावा. दुसरी कड रिम लॉकपासून चढवायला घ्या (लॉक नसेल तर वॉल्व्हच्या समोरून) आणि शेवट वॉल्व्हजवळ करा. शेवटचा वीतभर भाग सगळ्यात कठीण. लिव्हर खोल खुपसायचा मोह इथेच होतो आणि नवी ट्यूब इथेच फुटते. साबणाचं पाणी लावा, समोरून दाबा, मग लिव्हर फक्त कडेपुरता घाला.

हवा 35-40 पीएसआयपर्यंत न्या, पण टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या पुढे नको. कड टक् आवाज करत बसते. रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. मग हवा पूर्ण सोडून पुन्हा भरा, ट्यूबच्या घड्या निघतात. रिम लॉक घट्ट करा. वॉल्व्हचा नट रिमवर आवळू नका, टोपीकडे सरकवून ठेवा. ट्यूब सरकली तर वॉल्व्ह तिरका होऊन कळतं. आवळलेला असला तर मुळाशी तुटतो.

चाक बसवल्यावर गाडी हलवण्याआधी ब्रेक लिव्हर टणक होईपर्यंत दाबा. एक्सलचा टॉर्क आणि चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे ठेवा. हवा थंड टायरमध्येच मोजा, दुपारी तापलेल्या टायरची हवा कमी करू नका. गिरणा नदीच्या वाळूत हवा कमी केली तर हायवेला लागण्याआधी परत भरा. पन्नासेक किलोमीटरनंतर एक्सल नट, स्पोक आणि हवा पुन्हा तपासा.

सोबत एकच जादा ट्यूब नेणार असाल तर 21 ची न्या. ती मागच्या 18 च्या चाकात घडी घालून घरापर्यंत चालते. 18 ची ट्यूब ताणून 21 मध्ये बसवू नका.