इंदूरमध्ये धंदा सुरू करताय? नोंदणीतल्या या चुका टाळा

घरगुती ऑर्डर घेता घेता फराळाचा, मसाल्यांचा रीतसर धंदा सुरू करायचं मनावर घेतलेली मराठी घरं सुदामानगर, राजेंद्रनगर भागात बरीच सापडतील. मालाला नाव असतं, हाताला चव असते, अडतं ते कागदांवर. त्यातही नाव आणि पत्ता या दोन जागी सगळ्यात जास्त.

आधी नाव. पॅन माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या, हा प्रकार आपल्याकडे घरोघरी आहे. त्यात आपण मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लावतो आणि इथल्या बऱ्याच कागदांवर फक्त नाव-आडनाव असतं. जीएसटीचं पोर्टल नाव पॅनवरून तपासतं आणि ओळख आधारवरून पटवतं. म्हणून अर्ज भरायला बसण्याआधी पॅन, आधार आणि बँकेतलं नाव अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. दुरुस्तीला वेळ लागतो, पण अर्ज अडकल्यावर धावपळ करण्यापेक्षा तो बरा. आधार पडताळणी झाली नाही, तर अधिकारी जागा बघायला येऊ शकतो आणि प्रकरण तीस दिवसांपर्यंत लांबतं.

मग पत्ता. स्वयंपाकघर तुमचं, घर सासऱ्यांच्या नावावर, विजेचं बिल अजून आजेसासऱ्यांच्या नावाने येतंय, तर प्रश्न विचारला जाणारच. घर नातेवाइकाचं असेल तर त्यांचं साध्या कागदावरचं संमतीपत्र, त्यांचं ओळखपत्र आणि मालकी दाखवणारा एक कागद पुरतो: विजेचं बिल किंवा नगर निगमची संपत्ती कराची पावती. स्टॅम्प पेपरच हवा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने अधिकाऱ्यांना यादीबाहेरचे कागद मागू नका, असं लेखी कळवलं आहे. पण पावती दिवंगत माणसाच्या नावाची असेल, तर आधी निगममध्ये नामांतरण, म्हणजे नोंदीवरचं मालकाचं नाव बदलून, घ्या.

तरीही जीएसटी कार्यालयाची खुलासा मागणारी नोटीस आलीच, तर ती आरईजी-०३ या फॉर्ममध्ये येते आणि सात कामकाजी दिवसांत आरईजी-०४ मध्ये उत्तर द्यावं लागतं. अर्ज भरताना एजंट स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल टाकतात. मग नोटीस त्यांच्याकडे जाते, मुदत संपते आणि तुम्हाला अर्ज फेटाळल्यावर कळतं. तिथे नंबर तुमचाच द्या.

‘चाळीस लाखांपर्यंत जीएसटी नको’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. फक्त माल विकणाऱ्याला मध्य प्रदेशात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीची मर्यादा आहे, सेवा देणाऱ्याला २० लाखांची. पण करपात्र माल राज्याबाहेर विकला की उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची. म्हणजे ट्रॅव्हल्सच्या बसने पुण्याच्या गिऱ्हाइकाला पाठवलेला चिवड्याचा पहिला डबासुद्धा यात येतो, आणि आपला अर्धा गोतावळा तर महाराष्ट्रातच. कंपोझिशन योजना, म्हणजे छोट्या धंद्यांना उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोय, घेणाऱ्यांनी हे आधीच तपासावं, कारण त्या योजनेत राज्याबाहेर माल विकताच येत नाही.

जीएसटी नंबर मिळाला म्हणजे काम संपलं, असंही नाही. बँक खात्याचा तपशील तीस दिवसांत, किंवा पहिलं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) भरण्याआधी, यातलं जे आधी येईल तेव्हा द्यावा लागतो. साधी (कंपोझिशनची नसलेली) नोंदणी असेल तर विक्री शून्य असली तरी रिटर्न भरायचंच, नाहीतर शून्य रिटर्नवरही दिवसाला २० रुपये विलंब शुल्क चढत राहतं.

बँकेत चालू खातं उघडताना धंद्याचे दोन पुरावे मागतात. गुमास्ता (दुकान-आस्थापना नोंदणी) आणि उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी) आधी करून घेतले तर तिथली फेरी वाचते. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. फी मागणाऱ्या वेबसाइट हुबेहूब सरकारी दिसतात, तेव्हा पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना, हे बघा. खाण्याचे पदार्थ असतील तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी विक्री सुरू करण्याआधीच हवी. तिथे घरी माल बनवणारेही स्वतःला ‘किरकोळ विक्रेता’ म्हणून नोंदवतात, ते चूक आहे. तुम्ही उत्पादक आहात. चौदा आकडी नंबर पाकिटावर छापायला विसरू नका.

भावाभावांच्या, मैत्रिणींच्या भागीदारीत करारनामा तर होतो, पण फर्मची नोंदणी राहून जाते. १९३२च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला बाहेरच्या माणसाकडून थकलेले पैसे वसूल करायला कोर्टात दावा लावता येत नाही. करारात नफ्याचा वाटा लिहिला नसेल तर तो सगळ्यांना सारखा, मग भांडवल कुणी कितीही घातलेलं असो.

आणि केवळ रुबाबासाठी प्रायव्हेट लिमिटेड काढू नका. धंदा झाला नाही तरी कंपनी रजिस्ट्रारकडे, म्हणजे आपल्या राज्यासाठी ग्वाल्हेरच्या कार्यालयाकडे, दरवर्षी विवरणपत्रं जावीच लागतात. शिवाय भागभांडवल असलेल्या नव्या कंपनीला स्थापनेपासून १८० दिवसांत आयएनसी-२०ए (व्यवसाय सुरू करण्याचं घोषणापत्र) भरल्याशिवाय व्यवसाय सुरू करता येत नाही. कंपनीचं नाव मंजूर झालं म्हणजे ट्रेडमार्क मिळाला, असंही नाही. तो अर्ज वेगळा.

दुकानाचा बोर्ड रंगवायला मात्र घाई करू नका. नोंदणीनंतर जीएसटी क्रमांक दर्शनी बोर्डावर लिहिणं नियमाने बंधनकारक आहे, आणि तो आधी हातात नसेल तर पेंटरला दुसऱ्यांदा बोलवावं लागतं.