‘लॅकॉनिक’ हे विशेषण कोठे वापरावे?

इंग्रजीतील ‘लॅकॉनिक’ या विशेषणाचा अर्थ ‘थोडक्या शब्दांत बोलणारा’ एवढाच घेतला, तर ते नेमके कोठे शोभते हे उमगत नाही. प्राचीन ग्रीसमधील स्पार्टा हे नगर ज्या प्रदेशात होते, त्या लॅकोनियावरून हा शब्द आला. ‘मी जर लॅकोनियात शिरलो, तर तुमचे नगर जमीनदोस्त करीन,’ अशी धमकी मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप याने दिली आणि स्पार्टाने ‘जर’ एवढेच उत्तर पाठवले, अशी कथा सांगतात. त्या एका शब्दातला निर्विकार ठामपणा हाच या विशेषणाचा गाभा आहे. म्हणून ते माणसाला, त्याच्या उत्तराला किंवा शैलीला लावावे, कार्यालयीन अहवालाला नव्हे.

अहवाल आटोपशीर असेल, तर ‘कन्साइज’ किंवा ‘सक्सिंक्ट’ म्हणावे. दोन्ही शब्दांत कौतुक आहे. ‘टर्स’मध्ये किंचित कोरडेपणा येतो, आणि ‘कर्ट’ म्हणजे तर सरळसरळ तुटक, समोरच्याला लागेल असे. वरिष्ठांचे आभार मानताना ‘युअर कर्ट रिप्लाय’ असे लिहिले, तर तो आभार न राहता तक्रार होते, हे विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. ‘टॅसिटर्न’ मात्र मुळातच अबोल असणाऱ्या माणसाबद्दल वापरतात. मराठीत ‘लॅकॉनिक’साठी ‘मितभाषी’ हा शब्द माणसापुरता चालतो. उत्तरासाठी मला ‘मोजके’ अधिक जवळचे वाटते, कारण ‘त्रोटक’ म्हटले की काहीतरी अपुरे राहिल्याची भावना होते.