गुजराती पंचांगावरून घरातील व्रते आणि सण कसे ठरवावेत

गुजराती पद्धतीची व्रते पाळण्यासाठी मराठी माणसाला नवे पंचांग शिकावे लागत नाही. बडोद्यात किंवा सुरतेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आणि सासर-माहेरापैकी एक बाजू गुजराती असलेली घरे यांचा गोंधळ बहुतेक वेळा भलत्याच कारणाने होतो. दोन्ही पंचांगे अमान्त आहेत, म्हणजे महिना अमावास्येला संपतो आणि दुसऱ्या दिवशी शुद्ध प्रतिपदेने नवा महिना लागतो. त्यामुळे 'श्रावण वद आठम' म्हणजे आपली श्रावण वद्य अष्टमीच, आणि भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेत ती तिथी शोधली की काम झाले.

महिन्यांची नावे कारतक, मागशर, पोष, महा, फागण, चैत्र, वैशाख, जेठ, अषाढ, श्रावण, भादरवो आणि आसो अशी आहेत. शुद्ध पक्षाला सुद आणि वद्य पक्षाला वद म्हणतात. तिथ्या ओळखायलाही त्रास होत नाही: बीज, त्रीज, चोथ, पांचम, छठ्ठ, सातम, आठम, नोम, दशम, अगियारस, बारस, तेरस, चौदश, आणि शेवटी पूनम किंवा अमास.

खरी फसगत होते ती उत्तर भारतीय याद्यांमुळे. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे शुद्ध पक्षात महिन्याचे नाव आपल्यासारखेच असले तरी वद्य पक्षात ते एक महिना पुढे गेलेले असते. जन्माष्टमी त्यांच्या यादीत भाद्रपदात दिसते, तर गुजरातेत आणि महाराष्ट्रात ती श्रावणात असते; महाशिवरात्र त्यांच्याकडे फाल्गुनात आणि आपल्याकडे माघात, म्हणजे गुजराती 'महा'मध्ये असते. दिवस एकच असतो, फक्त महिन्याचे नाव बदलते. म्हणून इंटरनेटवर मिळालेल्या व्रताच्या माहितीत वद्य पक्षातील तिथी असेल, तर ती माहिती कोणत्या प्रांताच्या पद्धतीने लिहिली आहे हे आधी पाहावे आणि मगच तारीख धरावी.

वर्षाचा आकडा मात्र वेगळा मोजतात. आपला शक गुढीपाडव्याला बदलतो. गुजराती विक्रम संवत दिवाळीनंतर कारतक सुद एकमेला, म्हणजे आपल्या बलिप्रतिपदेला बदलते आणि त्या दिवसाला बेसतुं वरस म्हणतात. जानेवारीपासून दिवाळीपर्यंत इसवी सनात 56 मिळवावेत आणि दिवाळीनंतर डिसेंबरअखेरपर्यंत 57 मिळवावेत. त्या हिशेबाने 22 ऑक्टोबर 2025 रोजी संवत 2082 सुरू झाले. उत्तरेत हेच 2082 सुमारे सात महिने आधी, चैत्रात लागले होते. कच्छात तर अषाढी बीजेला नवे वर्ष मानतात. जुन्या चोपड्यांवरची किंवा कुंडलीवरची संवताची नोंद वाचताना हा फरक लक्षात ठेवला नाही, तर एका वर्षाची चूक सहज होते.

आता प्रत्यक्ष यादी करण्याकडे वळू. वर्षाच्या आरंभी दिनदर्शिका आणि पेन्सिल घेऊन बसावे आणि आधी दोन्हीकडे एकाच तिथीला येणारे सण खूण करून बाजूला काढावेत: अखात्रीज, वटपौर्णिमा, राखीपौर्णिमा, जन्माष्टमी, गणेश चतुर्थी, नवरात्र, दसरा, शरद पूनम आणि दिवाळी. काहींची केवळ नावे निराळी आहेत. हरतालिकेला केवडा त्रीज म्हणतात, ऋषिपंचमीला सामा पांचम, वसुबारसेला वाघ बारस, तर आपल्या दीप अमावास्येच्या दिवशी दिवासो असतो. मग राहतात ती फक्त गुजराती व्रते आणि नाव एक पण तिथी निराळी असलेले सण, आणि लक्ष द्यायचे ते यांच्याकडेच. नागपंचमी आपल्याकडे श्रावण शुद्ध पंचमीला, तर गुजरातेत सामान्यतः श्रावण वद पांचमेला, म्हणजे पंधरवड्याने असते. देवदिवाळी तिकडे कारतकी पूनमेला असते आणि कोकणात मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला.

तिथी कळली तरी तारीख ठरवताना आणखी एक पायरी उरते. तिथी साधारणपणे 19 ते 26 तासांची असल्यामुळे ती दोन तारखांवर पसरते. सर्वसाधारण नियम असा की सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची. परंतु ज्या व्रताचे मुख्य कर्म विशिष्ट वेळी होते, त्याला ती वेळ महत्त्वाची असते. जन्माष्टमी आणि शिवरात्रीला मध्यरात्र, चोथीच्या उपवासाला चंद्रोदय, गणेशपूजनाला मध्यान्ह आणि लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळ पाहतात. 2025 मध्ये आसो वद चौदश 19 ऑक्टोबरच्या दुपारी लागून 20 च्या दुपारी संपली. गुजराती काळी चौदशेचा विधी रात्रीचा असतो, घरातील कटकट बाहेर काढायची म्हणून चव्हाट्यावर वडे ठेवून येतात; त्याला 19 ची रात्र मिळाली, तर आपल्या नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाला 20 ची पहाट. त्याच वर्षी मराठी पंचांगांनी लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला दिले होते, आणि गुजरातेत बहुतेकांनी दिवाळी 20 लाच केली. मग बेसतुं वरसच्या आधी एक रिकामा दिवस उरतो, त्याला धोको म्हणतात. दोन पंचांगांत अशी तफावत दिसली तर घरात वाद घालत बसण्यापेक्षा ज्या कुळाची पूजा असेल त्या कुळाचे पंचांग प्रमाण मानावे.

गुजराती व्रतांचा सर्वांत भरगच्च काळ म्हणजे श्रावण वद चोथ ते नोम हे सहा दिवस, आणि त्यांची तयारी आधीपासून करावी लागते. चोथ ही बोळ चोथ. त्या दिवशी गाय-वासराची पूजा होते, गहू आणि गाईचे दूध वर्ज्य असते, तसेच सुरी चालवत नाहीत आणि काही कांडत नाहीत. यामागची कथा अशी की सासूने 'घउंलो' शिजवायला सांगितला, म्हणजे तिला गहू अभिप्रेत होते. पण घरातल्या वासराचे नावही घउंलो होते, आणि नव्या सुनेने तेच कापले. म्हणून बाजरीचा रोटला आणि मूग एवढ्यावर दिवस काढतात. पीठ आदल्या दिवशी दळून आणावे, हे वेगळे सांगायला नकोच. पांचमेला नागपूजेत कुलेर, म्हणजे बाजरीचे पीठ, तूप आणि गूळ एकत्र करून केलेला नैवेद्य लागतो.

छठ्ठीला रांधण छठ्ठ म्हणतात, कारण सातमेला चूल पेटवायची नसते आणि दोन दिवसांचा स्वयंपाक त्या एका दिवसात करून ठेवायचा असतो. पदार्थ निवडताना श्रावणातली दमट हवा ध्यानात घ्यावी. थेपल्याचे पीठ पाण्याऐवजी दह्यात मळावे आणि मोहन जरा सढळ हाताने घालावे. बाजरीचे तीळ घातलेले वडे, पुऱ्या, सुखडी आणि कर्टोल्याची कोरडी भाजी हे पदार्थ दुसऱ्या दिवशी चांगले लागतात. रसभाज्या आणि उकडलेल्या बटाट्याचे प्रकार टाळावेत. थेपले आणि वडे पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नये, नाहीतर झाकणाला वाफ धरून सकाळपर्यंत वरचे थर ओले होतात. दही रात्रीच लावावे. सगळे झाल्यावर चूल किंवा गॅसची शेगडी पुसून गार करतात आणि कुंकू-अक्षता वाहून तिची पूजा करतात. रात्री शीतळा मा चुलीत लोळायला येते अशी श्रद्धा आहे. बाळाला झोके देता देता झोपी गेलेल्या धाकट्या सुनेची चूल धगधगतच राहिली आणि देवीचे अंग भाजले, ही कथा सातमेला पूजेनंतर ऐकतात. त्या दिवशी आंघोळही गार पाण्याने करायची आणि चहासुद्धा गरम घ्यायचा नाही. घरात लहान मूल, आजारी किंवा वृद्ध माणूस असेल तर त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी. व्रत मुलाबाळांच्या आरोग्यासाठी असताना त्यांनाच गारठ्यात ठेवणे मला तरी पटत नाही. आठमेला जन्माष्टमीचा उपवास असतो आणि नोमेला पारणे.

मुलींच्या व्रतांना आणखी आधीची तयारी लागते. गौरी व्रत, ज्याला मोळाकत म्हणतात, ते अषाढ सुद अगियारसेपासून पूनमेपर्यंत असते आणि जया पार्वती व्रत सुद तेरसेपासून वद त्रीजेपर्यंत. दोन्ही व्रतांत पाच दिवस अळणी खायचे असते आणि शेवटी रात्रीचे जागरण असते. पूजेला जवारा लागतो, म्हणून व्रताच्या सुमारे आठवडाभर आधी कुंडीत किंवा परडीत गहू पेरावेत. कापसाला कुंकवाचे ठिपके लावून केलेली 'नागला' नावाची माळ त्या जवाऱ्याला घालतात. मीठ नसल्याने मुली लवकर थकतात, तेव्हा दूध, तूप, सुकामेवा आणि गव्हाचे गोड पदार्थ हाताशी ठेवावेत.

इतर उपवासांत तीन प्रकार ध्यानात ठेवले की पुरते: एकटाणुं म्हणजे एकवेळ जेवण, फराळी म्हणजे उपवासाचे पदार्थ चालणारा, आणि नकोरडो म्हणजे काहीही न खाता केलेला. फराळात मोरैयो (आपली वरई), राजगिरा, शिंगाड्याचे पीठ, सुरण आणि रताळे चालतात. एकादशीच्या तारखेबाबत मात्र संप्रदाय पाहावा. पहाटे अरुणोदयाला, म्हणजे सूर्योदयापूर्वी 96 मिनिटांच्या आत दशमी शिल्लक असेल तर वैष्णव दुसऱ्या दिवशी उपवास करतात, त्यामुळे हवेलीत (पुष्टिमार्गी वैष्णवांच्या मंदिरात) किंवा स्वामिनारायण मंदिरात जाणाऱ्या घराने तिथली तारीख घ्यावी.

परदेशात भारतातील तारीख जशीच्या तशी उचलू नये. तिथी जगभर एकाच क्षणी संपते, पण घड्याळे निराळी असतात. उन्हाळ्यात न्यू जर्सी भारतापेक्षा साडेनऊ तास मागे असल्याने भारतात सकाळी 7 वाजता संपणारी तिथी तिथे आदल्या रात्री साडेनऊलाच संपते आणि व्रत एक तारीख आधी येते. त्या शहराच्या सूर्योदयावर बेतलेले पंचांग वापरावे.

अधिक मास आला की यादी पुन्हा तपासावी. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून हा अधिक जेठ आहे. गुजरातेत त्याला पुरुषोत्तम मास म्हणतात आणि स्त्रिया महिनाभर स्नान, कथा आणि एकटाणुं करतात. त्यातल्या एकादश्या पाळायच्या, पण भीम अगियारस (निर्जला एकादशी) आणि वटसावित्री त्यात धरायची नाही; ती निज जेठात, म्हणजे जूनच्या उत्तरार्धात येतील.