रॅन्डम सीड टाकला, पुढे काय?

पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असताना एका कोडिंग स्पर्धेत माझं सोल्यूशन हॅक झालं, म्हणजे दुसऱ्या स्पर्धकाने मुद्दाम रचलेल्या इनपुटवर ते नापास झालं. मी सी++ मधला अनऑर्डर्ड मॅप वापरला होता. तो प्रत्येक नोंदीची एक संख्या (हॅश) काढतो, तिला बकेटच्या, म्हणजे कप्प्यांच्या, संख्येने भागतो आणि बाकीवरून बकेट ठरवतो. समोरच्या स्पर्धकाने सगळ्या संख्या 107897 च्या पटीतल्या दिल्या. जीसीसी या कंपायलरच्या लायब्ररीत बकेटची संख्या ठरावीक मूळ संख्यांमधूनच निवडली जाते, त्यातली ही एक. शिवाय पूर्णांकाचा हॅश म्हणजे तो पूर्णांकच. सगळा माल एकाच बकेटमध्ये पडला आणि टाइम लिमिट उलटली. हा धोका क्रॉस्बी आणि वॉलाक या संशोधकांनी 2003 मध्येच दाखवला होता. मी हॅशमध्ये रॅन्डम सीड, म्हणजे समोरच्याला माहीत नसलेली एक रॅन्डम संख्या, टाकला आणि निर्धास्त झालो.

एमटेकला आल्यावर कळलं, सीड लपवला तरी तो उत्तरांतून झिरपत राहतो.

वहीवर करून बघा. स्केच म्हणजे सगळा डेटा न साठवता मोजक्या आकड्यांवरून अंदाज देणारी रचना. एएमएस नावाच्या स्केचमध्ये प्रत्येक वस्तूला सीडवरून रॅन्डम +1 किंवा −1 मिळतं, आणि ती वस्तू पुन्हा आली तरी तेच राहतं. आपण फक्त त्यांची बेरीज ठेवतो. तिचा वर्ग हा वारंवारतांच्या (कुठली वस्तू किती वेळा आली त्या आकड्यांच्या) वर्गांच्या बेरजेचा अंदाज. एक वस्तू 10 वेळा आली, अंदाज 100, खरं उत्तरही 100. आता नवी वस्तू टाका. अंदाज वाढला तर पुढे चला. घटला तर तीच वस्तू आणखी एकदा टाका. अशा 20 वस्तूंपैकी निम्म्या वाढवणाऱ्या निघाल्या, तर खरं उत्तर 150 होतं आणि अंदाज घसरत शून्याजवळ येतो. तेही एकही चिन्ह न बघता! पहिल्यांदा मी ही बेरीज तीनदा तपासली होती.

अशा पुष्कळ स्वतंत्र बेरजा, म्हणजे स्केचच्या ओळी, घेऊन अंदाजांची सरासरी काढली तरी सुटका नाही. बेन-एलिएझर, जयराम, वुड्रफ आणि योगेव यांच्या 2020 च्या पेपरनुसार, ओळींच्या संख्येच्या प्रमाणातच अपडेट (टाकलेल्या वस्तू) दिले की स्केच कोसळतं. उपायही तिथेच आहे: स्केचच्या स्वतंत्र प्रती ठेवायच्या, उत्तर ढोबळ करून द्यायचं, आणि ते बदलावं लागलं की वापरलेली प्रत बाजूला ठेवून पुढची घ्यायची. डिफरन्शियल प्रायव्हसीचा, म्हणजे उत्तरात थोडा रॅन्डम गोंधळ मिसळून आतली माहिती लपवण्याचा, मार्ग त्यानंतर वाचा.

चेर्नॉफ बाउंड, म्हणजे रॅन्डम बेरीज सरासरीपासून फार दूर जाण्याची शक्यता किती कमी हे सांगणारं सूत्र, सगळ्यांना येतो. पण सिद्धतेत 'इनपुट आधीच ठरलेलं आहे' हे कुठे गृहीत धरलंय, तिथे पेन्सिलीने खूण करायची सवय लावा. बहुतेकदा ते लिहिलेलंच नसतं. आणि बचाव रचण्याआधी हल्लेखोर लिहा, पायथनमध्ये वीसेक ओळी पुरतात.

जुन्या लॉगवर एकदाच मोजणी करायची असेल, तर साधं स्केच खुशाल वापरा. पण स्पॅम फिल्टरसारख्या ठिकाणी समोरचा तुमचं आधीचं उत्तर बघूनच पुढचा मेल लिहितो. तिथे या प्रतींचा खर्च करावाच लागतो.