जनावरं वाढली की घटली? गावच्या नोंदीत या चुका टाळा

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची जनावरं मोजली, रानडुकरं मागच्या वर्षाच्या दुप्पट दिसली आणि सकाळी गावभर झालं, "डुकरं दुप्पट वाढली." सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. उन्हाळा कडक असला की नाले, डोह आटतात आणि उरलेल्या एखाद-दुसऱ्या पाणवठ्यावर सगळी गर्दी होते. वैशाखात अवकाळी पाऊस पडला, तर चाकोरीतही पाणी साचतं. मग मचाणावरचा माणूस रात्रभर वाट बघत बसतो. जनावरं तेवढीच असू शकतात, फरक दिसण्यात पडतो. म्हणून आकड्याशेजारी लिहाच: आसपास आणखी कुठं पाणी होतं, आधीच्या पंधरवड्यात पाऊस झाला का. हे जुळत नसेल, तर त्या दोन वर्षांची तुलना करू नका.

दुसरी चूक, पावसाच्या नुसत्या एकूण आकड्यावर विसंबणं. मृगात डबकी भरतात, बेडूक अंडी घालतात आणि मग तीन आठवडे पाऊस दडी मारतो. बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, भेगाळलेल्या चिखलात बेडकांची शेपटीवाली पिल्लं चिकटून वाळलेली दिसतात. पुढं पावसानं सरासरी गाठली तरी त्या पिलावळीला उपयोग नाही. खंड कधी पडला, किती दिवसांचा, ते नोंदवा.

सरासरी आणखी एका ठिकाणी दगा देते. 100 चितळं चांगल्या वर्षी निम्म्यानं वाढली, 150 झाली. पुढच्या दुष्काळात निम्मी गेली, उरली 75. टक्क्यांची सरासरी शून्य, पण रानात 25 चितळं कमी! हवामान जेवढं लहरी, तेवढी ही तूट मोठी.

आणि सगळ्या जिवांना एकच माप लावू नका. शेतातला उंदीर साधारण तीन आठवड्यांत वितो. बिळात पाणी शिरून कितीही मेले तरी एका हंगामात पुन्हा धुऱ्याधुऱ्यावर (शेताच्या बांधांवर) बिळं दिसतात. गोंदिया-भंडाऱ्याकडचा सारस पक्षी मात्र बहुधा दोनच अंडी घालतो, तीही ऐन पावसाळ्यात, धानाच्या बांधीत नाहीतर बोडीत, म्हणजे लहान तळ्यात. घरट्यात पाणी चढलं की बरेचदा ते वर्ष वाया जातं. सारस दीर्घायुषी असल्यानं जोड्या पुढंही वर्षानुवर्षं दिसत राहतात आणि सगळं ठीक चाललंय असं वाटतं. म्हणून सारसाच्या नोंदीत मोठे पक्षी आणि त्या वर्षीची पिल्लं यांचे रकाने वेगळे ठेवा आणि आधी पिल्लांचा रकाना बघा.