शॉर्ट झाल्यानंतर गाडी चालू होत नसेल तेव्हा

गेल्या श्रावणात दापोलीजवळच्या आमच्या घरी, बॅटरीवर चढलेला हिरवट-पांढरा थर काढावा म्हणून मी गाडीचे बोनेट उघडले. आमच्या गाडीत प्लस टर्मिनलला लागूनच मोठ्या फ्यूजांची एक पेटी आहे. तिच्यातून पुढे जाणाऱ्या जाड वायरचा नट सैल करताना दहाच्या पान्याचे मागचे टोक पत्र्याला टेकले. ठिणगी उडाली, पान्याच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा खळगा पडला, आणि त्यानंतर चावी फिरवली तर डॅशबोर्डवर एकही दिवा लागेना. फोनवर विचारले तेव्हा एका गॅरेजवाल्याने गाडी न पाहताच ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, गेल्याचे सांगितले. प्रत्यक्षात उडाला होता तो मुख्य फ्यूज. बॅटरीचा मायनस आधी काढला असता तर तोही उडाला नसता, ही चूक माझीच.

अशा वेळी शॉर्ट नेमका कोठे झाला, हे सर्वांत आधी आठवावे, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर अवलंबून असते. फ्यूज हा त्याच्या पुढच्या वायरीचे रक्षण करतो, मागच्या भागाचे नव्हे. पाना थेट बॅटरीच्या प्लस टर्मिनलवरून पत्र्याला टेकला असेल, तर शेकडो अँपिअरचा प्रवाह कोणत्याही फ्यूजमधून न जाता वाहतो. त्यामुळे सगळे फ्यूज शाबूत सापडले तरी बॅटरीला आतून इजा झालेली असू शकते. फ्यूजच्या पलीकडे शॉर्ट झाला असेल, तर बहुधा तो फ्यूजच बळी गेलेला असतो.

कामाला हात घालण्यापूर्वी अंगठी आणि धातूचे घड्याळ काढून ठेवावे. बॅटरी फुगली असेल, हाताला गरम लागत असेल किंवा कुजलेल्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तिच्याजवळ पुन्हा ठिणगी पडू देऊ नये. तिच्यातून निघणारा हायड्रोजन पेट घेतो. अशी बॅटरी जाणकाराकडूनच उतरवून घ्यावी. ती ठीक दिसत असेल तर मल्टिमीटर लावावा. स्थिर अवस्थेत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मा, आणि १२ च्या खाली म्हणजे आधी चार्जिंग करून मगच पुढचा विचार. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर बॅटरी किंवा तिचे सांधे संशयास्पद मानावेत.

बॅटरी चांगली असूनही डॅशबोर्ड पूर्ण मेलेला असेल, तर बोनेटखालचा मुख्य फ्यूज पाहावा. तो बहुधा नटबोल्टने बसवलेला असतो आणि नुसत्या नजरेला कित्येकदा फसवतो, म्हणून मायनस काढून, फ्यूज सोडवून मीटरने तो सलग आहे का हे तपासावे. छोटे पट्टीचे फ्यूज काढण्याची मात्र गरज नसते. त्यांच्या डोक्यावर दोन उघडे धातूचे ठिपके असतात. चावी ऑन करून टेस्ट लॅम्पने, म्हणजे एक वायर पत्र्याला जोडून टोक टेकवायच्या दिव्याने, दोन्ही ठिपके तपासावेत, आणि एका ठिपक्यावर दिवा लागून दुसऱ्यावर लागत नसेल तर तो फ्यूज उडालेला आहे. बदलताना अँपिअर तेवढेच ठेवावेत: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावणारे लोक आजही भेटतात, आणि त्यांच्या गाडीत पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरींचा जुडगा जळतो.

नवा फ्यूज लावताच पुन्हा उडत असेल, तर एकामागून एक फ्यूज जाळत बसू नये. इंडिकेटरमध्ये असतो तसा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब होल्डरसह घ्यावा, त्याच्या दोन वायरी उडालेल्या फ्यूजच्या खाचेत जोडाव्यात, आणि त्या सर्किटवरची उपकरणे बंद ठेवावीत. बल्ब दोन अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊ देत नाही, त्यामुळे वायर जळत नाही. तो लखलखीत पेटला, तर शॉर्ट अजून शाबूत आहे असे समजावे. मग त्या सर्किटवरचे वायरजोडणीचे प्लग एकेक करून काढावेत. जो काढताच बल्ब विझतो, तीच शाखा दोषी. आमच्याकडे पावसाळ्यात उंदीर गाडीत आसरा घेतात, तेव्हा कुरतडलेली वायर पत्र्याला टेकली आहे का हे टॉर्च लावून पाहावेच. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींवर मात्र हा प्रयोग कधीही करू नये.

डॅशबोर्ड उजळतो पण सेल्फ गप्प राहतो, अशा वेळी सेल्फचा रिले (विजेने चालणारा स्विच), चावीच्या स्विचचा फ्यूज, आणि ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर पार्किंगमध्ये आहे ना, हे पाहावे. सेल्फ फिरतो पण इंजिन धरत नाही, तर ईसीएमचा आणि इंधनपंपाचा फ्यूज तपासावा. पेट्रोल गाडीत चावी ऑन करताच मागून दोन सेकंद पंपाची घरघर ऐकू येते. ती आली नाही तर संशय तिकडेच न्यावा. चावीच्या चित्राचा दिवा सतत लुकलुकत असेल, तर इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा, चावी ओळखत नाही.

खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात, हर्णैसारख्या बंदराजवळ तर विशेषच, बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनला जाणाऱ्या अर्थच्या पट्ट्या गंजलेल्या असतात. शॉर्टच्या झटक्याने आधीच अर्धमेला झालेला सांधा पूर्ण जातो, आणि दोष मात्र फ्यूजवर ढकलला जातो. सांधा सॅंडपेपरने चकचकीत करून, घट्ट आवळून, वर पेट्रोलियम जेली लावावी. जोडताना प्लस आधी आणि मायनस सगळ्यात शेवटी.

जंपर केबल उलटी लागली असेल, तर प्रकरण अधिक गंभीर असते, कारण अल्टरनेटरच्या (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) डायोडमधून, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांतून, प्रचंड प्रवाह वाहतो. गाडी चालू झाली तरी बॅटरीवर मीटर लावावा. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. मग गाडी रात्रभर उभी ठेवून, सकाळी पहिला सेल्फ मारण्यापूर्वी पुन्हा मीटर लावावा. संध्याकाळी १२.६ दाखवणारी बॅटरी सकाळी १२ च्या खाली गेली असेल, तर अल्टरनेटरचे डायोड तपासून घेतल्याशिवाय त्या गाडीने कुंभार्ली घाट चढू नये.