मूळ गारव्यात, शेंडा उन्हात: घरच्या बागेतल्या उन्हाळी फुलझाडांसाठी सल्ला

उन्हाळ्यात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "झाडाला कळ्या भरपूर येतात, पण फुलायच्या आधीच गळतात. कोणतं खत घालू?" बहुतेक वेळा उत्तर खतात नसतं. ते कुंडीच्या आत, मुळांपाशी असतं. मोगरा, जास्वंद, बोगनवेल, सदाफुली, झिनिया, गलांडा ही सगळी उन्हावर फुलणारी झाडं. त्यांच्या शेंड्याला कडक ऊन चालतं, किंबहुना तेच हवं असतं. तापलेली माती मात्र त्यांना सोसत नाही. जमिनीत वाढणाऱ्या झाडाची मुळं खाली गारव्यात जातात. कुंडीतल्या झाडाला पळायला जागाच नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीची उन्हाकडची बाजू दुपारी हाताला चटका देते, आणि त्याच बाजूची पांढरी कोवळी मुळं सगळ्यात आधी मरतात. मुळं गेली की पाणी वर चढत नाही, आणि पाणी कमी पडलं की झाड पहिल्यांदा कळ्या टाकतं.

म्हणून पहिलं काम कुंड्यांची मांडणी. एकेक कुंडी सुटी ठेवण्यापेक्षा चार-सहा कुंड्या एकमेकींना लावून ठेवा. मोठ्या कुंड्या पश्चिमेच्या बाजूला, म्हणजे दुपारचं ऊन त्या अंगावर घेतील आणि लहान कुंड्यांवर सावली पडेल. झाडाला ऊन, कुंडीला सावली, असं जमलं की निम्मं काम झालं. गच्चीवर कुंडी थेट फरशीवर ठेवू नका. खाली दोन विटा किंवा लाकडी फळी द्या, कारण तापलेली फरशी सूर्य मावळल्यावरही बराच वेळ उष्णता सोडत राहते. लहान प्लॅस्टिकची कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत वाळू किंवा नारळाच्या शेंड्या भरल्या आणि त्या ओल्या ठेवल्या, तर आतली माती चांगलीच गार राहते. मातीच्या कुंडीतून पाणी झिरपून उडतं, त्यामुळे ती थंड राहते. पण त्याच कारणाने ती लवकर सुकते, हेही लक्षात ठेवायचं.

दुसरं काम आच्छादन. वाळका पालापाचोळा, उसाचं पाचट, भाताचं तूस, नारळाच्या शेंड्यांचे तुकडे, जे हाताशी असेल ते मातीवर ५ ते ७ सेंटिमीटर जाडीने पसरा. बुंध्याला मात्र ते चिकटू देऊ नका, दोन बोटं जागा मोकळी सोडा. नाहीतर ओलाव्याने साल कुजते आणि मुंग्यांना घर मिळतं. हिरवं कापलेलं गवत जाड थराने टाकू नका. ते कुजताना तापतं. आधी दोन दिवस वाळवा, मग पसरा.

आता पाण्याचं. यावर जरा सविस्तर बोलायला हवं, कारण उन्हाळ्यात जितकी झाडं तहानेने मरतात, तितकीच अति पाण्यानेही मरतात. दुपारी तीन वाजता जास्वंदीची पानं माना टाकून बसलेली दिसतात, जीव कळवळतो आणि आपण झारी घेऊन धावतो. थोडं थांबा. मोठ्या पानांतून पाणी इतक्या वेगाने उडतं की माती ओली असतानाही मुळं पुरी पडत नाहीत. संध्याकाळी पानं आपोआप ताठ झाली, तर झाडाला काही झालेलं नाही. खरी परीक्षा सकाळची. सकाळी उठून पाहिलं आणि पानं तेव्हाही लोंबलेली असली, तर मातीत बोट घालून बघा. दोन इंच खोलवर कोरडं लागलं, तर झाड तहानलेलं आहे, लगेच पाणी द्या. माती ओली लागली आणि तरी पानं मलूल, तर मुळं कुजायला लागली आहेत. तिथे आणखी पाणी घालणं म्हणजे झाड हाताने मारणं. पाणी बंद करा, कुंडीच्या तळाचं भोक मोकळं आहे का ते पाहा, झाड सावलीत हलवा आणि वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होईपर्यंत, वाट बघा.

पाणी शक्यतो पहाटे किंवा सकाळी लवकर द्या. रोज घोटभर देण्यापेक्षा एकदाच पोटभर द्या, तळातून पाणी बाहेर येईपर्यंत. वरवरच्या पाण्याने मुळं वरच्याच तापलेल्या थरात राहतात. कडक उन्हात लहान कुंड्यांना संध्याकाळीही पाणी लागेल, आणि त्यात वावगं काही नाही. भर दुपारी पाणी दिलं तर झाड जळतं, असं सरसकट सांगितलं जातं. पण माती खरोखर कोरडीठाक असेल आणि झाड कोमेजलं असेल, तर दुपार असली तरी पाणी द्यावं. फक्त ते पाणी गरम नसावं. इथेच पुष्कळ जण फसतात. उन्हात पडलेल्या पाइपमधलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं. ते आधी बादलीत काढा, हाताला गार लागू लागलं की मगच झाडाकडे वळवा. गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यालाही हेच लागू.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त असलेली कुंडी एकदा पूर्ण सुकली की पाणी आत घेत नाही. वरून ओतलेलं पाणी कडेच्या भेगेतून थेट खाली निघून जातं. तळातून पाणी आलं म्हणून आपण निश्चिंत होतो, आणि आतला गड्डा कोरडाच राहतो. कुंडी उचलून बघा, हलकी लागली की समजायचं. अशी कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा. कुंडीच्या कडेला किंवा मातीवर पांढरा थर दिसत असेल, तर तो पाण्यातल्या आणि खतातल्या क्षारांचा. महिन्यातून एकदा भरपूर पाणी घालून ते क्षार तळातून वाहून जाऊ द्या.

खताबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कडक उन्हात हात आखडता घ्या. नत्र जास्त झालं की झाड हिरवंगार, पानांनी गच्च होतं आणि फुलं मात्र देत नाही. शिवाय त्या लुसलुशीत पालवीवर मावा तुटून पडतो. महिन्यातून एकदा १२ इंची कुंडीला दोन मुठी गांडूळ खत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत आणि अर्धी मूठ निंबोळी पेंड पुरते. विद्राव्य खत वापरायचंच असेल, तर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, आणि तेही आदल्या दिवशी पाणी दिलेल्या ओल्या मातीत. कोरड्या मातीत खत गेलं की मुळं भाजतात. अर्धवट कुजलेलं शेण तर कुंडीत अजिबात नको. ते कुजताना तापतं आणि त्यातून हुमणीच्या अळ्याही येतात.

मोगरा या ऋतूचा राजा, म्हणून त्याला थोडा जास्त वेळ. मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटव्याच्या टोकाला. जुन्या काडीकडून फुलांची अपेक्षा ठेवून वर्ष फुकट जातं. थंडी ओसरायला लागली की दहा-बारा दिवस पाणी तोडून झाडाला ताण द्यावा, जुनी पानं उतरवावीत आणि फांद्या निम्म्याने छाटाव्यात. मग माती हलवून शेणखत आणि निंबोळी पेंड द्यावी, आणि पाणी सुरू करावं. काही आठवड्यांत नवी पालवी आणि तिच्या टोकाला कळ्या येतात. छाटणी राहून गेली असेल, तरी आता भर उन्हाळ्यात झाड खरडून काढू नका. पहिला बहर ओसरला की फुलून गेलेल्या फांदीचा शेंडा दोन-तीन पानांखालून खुडा, म्हणजे बाजूने नवे फुटवे येतील आणि दुसरा बहर धरेल. असं करत मोसमात तीन-चार बहर सहज मिळतात. मोगऱ्याला किमान सहा तासांचं थेट ऊन लागतं. सावलीतला मोगरा उंच वाढतो, पानं चमकदार होतात, पण फूल नाही. दर वर्षी कोणीतरी सांगतं की आमचा मोगरा वांझ आहे. कुंडी उन्हात हलवली की त्याच झाडाला कळ्या धरताना मी पाहिलं आहे.

मोगऱ्याच्या पांढऱ्या कळ्या जांभळट, लालसर पडून वाळत असतील किंवा कळीला बारीक भोक दिसत असेल, तर आत अळी आहे. अशा कळ्या रोज संध्याकाळी तोडून नष्ट करा, मातीत पडू देऊ नका, कारण खाली पडलेल्या कळीतून अळी मातीत जाऊन कोष करते. जास्वंदीची कळी गळली, तर ती नखाने उभी चिरून बघा. आत अळी किंवा फुलकिडे दिसले, तर कारण कीड. आत काहीच नसेल, तर पाण्यातला चढउतार, म्हणजे दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी चिखल. कुंडीची जागा वारंवार बदलल्यानेही जास्वंद कळ्या टाकते. एकदा जागा ठरवली की तिला तिथेच राहू द्या.

बोगनवेलीचं सगळं उलट. आपण फूल म्हणतो ते रंगीत भाग ही तिची पानंच, खरं फूल त्यांच्या मधोमध असलेली पांढरी, बारीक नळी. तिला लाडावलं की ती नुसती वाढते. पानं किंचित झुकू लागेपर्यंत पाणी देऊ नका, कुंडी थोडी अडचणीची असू द्या, आणि नत्र जवळजवळ नकोच. ताण बसला की ती रंगाने पेटते. बहर संपला की फांद्यांचे शेंडे कापा आणि पुन्हा तोच क्रम.

सदाफुली आणि चिनी गुलाब यांना मरणाची भीती फक्त जास्त पाण्याची. सदाफुलीचं झाड एकाएकी एका बाजूने वाळलं तर मूळकुज समजा, आणि नवीन रोप कोरड्या, वाळूमिश्रित मातीत लावा. ऑफिस टाइम म्हणून ओळखला जाणारा चिनी गुलाब ऊन चढलं की उमलतो आणि दुपार उतरताना मिटतो. ढगाळ दिवशी तो उमलत नाही, त्यात झाडाचा दोष नाही. बोटभर काडी तोडून मातीत खोचली की ती लागते. उथळ कुंडीत दाट लावा.

बियांपासून अजूनही काही लावायचं असेल, तर झिनिया. बी चार ते सात दिवसांत उगवतं आणि साधारण दोन महिन्यांत फूल येतं. रोपं रोडकी, उंच होऊ नयेत म्हणून वीतभर झाल्यावर शेंडा खुडा. जोडपानांच्या वरून खुडलं की तिथून दोन फांद्या फुटतात. झिनिया, गलांडा, झेंडू यांची वाळत आलेली फुलं रोज काढत राहा. बी धरायला लागलं की झाड नवीन कळ्यांवर जोर कमी करतं. पाणी पानांवर न घालता बुडाशी घाला आणि रोपांत हातभर अंतर ठेवा, नाहीतर झिनियावर भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, ठरलेली.

वेलीसाठी जागा असेल तर मधुमालती. तिचं फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि मग लाल. पांढऱ्यावर रात्री पतंग येतात, रंगलेल्यावर दिवसा मधमाश्या आणि फुलपाखरं. एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात ते यामुळे. ही वेल फार पसरते, तिला भक्कम मांडव लागतो.

किडींमध्ये उन्हाळ्याचा खरा शत्रू लाल कोळी. कोरड्या उष्ण हवेत आठवडाभरात त्याची नवी पिढी तयार होते. पानावर बारीक फिकट ठिपके आणि पानाखाली जाळी दिसली की ओळखा. पहिला उपाय साधं पाणी: सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर जोराचा फवारा, तीन-चार दिवस लागोपाठ. नाही आटोक्यात आला तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १-२ मिली सौम्य द्रव साबण, नीट घुसळून, आणि ते फक्त सूर्य मावळल्यावर. उन्हात तेल फवारलं तर पानं करपतात. आधी दोन-चार पानांवर मारून एक दिवस थांबा. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणासाठी मुंग्यांचा बंदोबस्त आधी करा, कारण मुंग्या त्याचं रक्षण करतात. थोडीच लागण असेल तर जुन्या दातघासणीने पाण्यात घासून काढा. मधमाश्या फुलांवर असताना कोणताही फवारा नको. उथळ ताटलीत खडे ठेवून पाणी भरून ठेवा, खड्यांवर बसून त्या पाणी पितात.

आणखी एक. कण्हेर आणि सदाफुली दोन्ही पोटात गेल्यास विषारी. कण्हेर तर फारच. घरात लहान मुलं किंवा जनावरं असतील तर छाटलेल्या फांद्या आवाराबाहेर नीट टाका, त्या जाळू नका, धूरही घातक असतो.

सावलीच्या जाळीची घाई करू नका. ५० टक्के सावलीची हिरवी जाळी मोगरा-बोगनवेलीवर टाकली तर फुलं थांबतात. ती नव्या रोपांना, नुकत्याच कुंडी बदललेल्या झाडांना आणि शेवंतीच्या मातृरोपांना वापरा. शेवंतीला आता फूल धरू देऊ नका, शेंडे खुडत राहा आणि फक्त जगवा. पुढच्या फुलांची रोपं तिच्याच शेंड्यांपासून करायची आहेत. कुंडी बदलणं, मुळं छाटणं, जड छाटणी ही कामं पावसाच्या पहिल्या सरींपर्यंत थांबवा.

गावाला जाणार असाल तर कुंड्या सावलीत एकत्र करा, एक भरलेली बादली कुंड्यांपेक्षा उंच ठेवा, आणि जाड सुती दोरीचं एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं कुंडीच्या मातीत तीन-चार इंच खोल पुरा. दोरी आधी भिजवून घ्या. जायच्या चार दिवस आधी लावून बघा, कोणत्या कुंडीला किती पाणी जातं ते कळेल.

उन्हाळा उतरणीला लागला की झिनिया आणि गलांड्याची सगळ्यात चांगल्या झाडांवरची काही फुलं मुद्दाम वाळू द्या. पूर्ण तपकिरी झाली की पाऊस पडायच्या आत तोडा, सावलीत आठवडाभर वाळवा आणि कागदाच्या पुडीत ठेवा. पुडीवर रंग आणि तारीख लिहा. त्याच सुमारास जाड आच्छादन बुंध्यापासून मागे ओढा आणि प्रत्येक कुंडीच्या तळाच्या भोकात काडी घालून ते मोकळं करा.